सोनेरी कार्डाचा हिशेब

मी मानपाड्यातल्या महिला बचत गटांची समन्वयक. गटाच्या बैठकीत आपण नेहमी बचत, कर्ज, परतफेड, नाहीतर चकलीच्या भाजणीचा भाव यावर बोलतो. मागच्या महिन्यात एका ताईंनी वेगळाच प्रश्न काढला. त्यांचा मुलगा आयटी कंपनीत आहे, कामासाठी वर्षातून दहा-बारा वेळा विमानाने जातो. त्याच्याकडे एका विमान कंपनीचं ‘गोल्ड’ कार्ड आहे. ते पुढच्या वर्षी टिकवायला एक फेरी कमी पडते, म्हणून त्याला एका रविवारी स्वतःच्या पैशाने बंगळूरला जाऊन लगेच परत यायचं आहे. घरावर कर्जाचा हप्ता चालू आहे. ताई म्हणाल्या, “काम नाही, नातेवाईक नाहीत, नुसतं जाऊन यायचं? हे शहाणपणाचं आहे का, ते तुम्ही सांगा.”

काही जणी हसल्या. पण हा प्रश्न आता आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. मानपाडा रोडवरच्या आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या सोसायट्यांत प्रत्येक मजल्यावर कुणीतरी विमानाने ये-जा करणारं आहे. कुणाची लेक अमेरिकेत, कुणाचा जावई दुबईत. म्हणून आज याचा हिशेब गटाच्या वहीसारखाच मांडू.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. विमान कंपनीच्या सदस्याला प्रवासाबद्दल पॉइंट मिळतात आणि भरपूर प्रवास केला की दर्जा मिळतो. पॉइंट म्हणजे कणगीतलं धान्य. ते साठवता येतं, त्यातून आपलं किंवा घरच्या माणसाचं तिकीट काढता येतं. दर्जा म्हणजे लग्नातला मानाचा पाट. ज्याचा त्यानेच बसायचं, आणि मुदत संपली की उठायचं. पुन्हा बसायचं तर पुन्हा तेवढा प्रवास करायचा. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर लाउंजमध्ये बसायला मिळतं, रांगेत पुढे जाता येतं, सामान थोडं जास्त नेता येतं.

हे सुरू कसं झालं? अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी अशी योजना काढली आणि मग बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये, हा साधा हेतू. आपल्याकडचा किराणावाला दिवाळीला कॅलेंडर देतो, त्यातलाच प्रकार. पण पुढे हा धंदा फार मोठा झाला. बँका विमान कंपन्यांकडून पॉइंट रोख पैसे देऊन विकत घेतात आणि आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात. २०२० साली कोरोनात विमानं जमिनीवर होती, तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली ही पॉइंटची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. आपण अडचणीला दागिना गहाण ठेवतो. त्यांचा दागिना म्हणजे ही योजना. यावरून ओळखा, की ही भेट नाही, कमाईचं साधन आहे.

पण म्हणजे त्यात आपला फायदा नाहीच, असंही नाही. आता ताईंच्या मुलाचा हिशेब बघू. आकडे मी समजायला सोपे धरते. बंगळूरचं जाण्या-येण्याचं तिकीट ९,००० रुपये, घरापासून विमानतळापर्यंत टॅक्सीचे दोन्ही वेळचे मिळून २,०००. झाले ११,००० आणि एक रविवार. बदल्यात काय? वर्षात बारा दौरे, म्हणजे चोवीस वेळा लाउंज. एका वेळचं चहा-खाणं ३०० रुपये धरलं तर ७,२०० होतात. इथेच तोटा दिसतो. पण पुढे विचारा, दौऱ्यावरच्या जेवणाचं बिल कोण भरतं? त्याचं ऑफिस. म्हणजे त्याच्या खिशातून ते ७,२०० जाणारच नव्हते. जास्त सामानाची सवलत आहे, पण तो एक बॅग पाठीला लावून जातो. मग त्या सवलतीची किंमत त्याच्यासाठी शून्य.

मैत्रिणींनो, नियम हा, की फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत तिच्या पाटीवरून लावायची नाही. ती मिळाली नसती तर आपण तिच्यासाठी किती पैसे काढले असते, त्यावरून लावायची. हा नियम साडीच्या दुकानातल्या ‘दोनावर एक मोफत’लाही लागू आहे.

आता दुसरी बाजू. आमच्याच ओळखीच्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. लेक ऑफिसच्या कामाने सारखी फिरते, प्रवासाचा खर्च ऑफिसचा, पॉइंट मात्र तिच्या नावावर. त्या पॉइंटातून तिने आईचं तिकीट काढलं. कर आणि शुल्क तेवढे रोख भरावे लागले, ते अशा तिकिटावरही लागतातच. पण मोठी रक्कम वाचली आणि आई वेळेवर पोचली. इथे पॉइंटांसाठी एकही जादा फेरी झाली नाही. जे होणारच होतं, त्यातून जमलं. ताईंचा मुलगा आणि ही लेक, दोघांकडे कार्ड आहे, पण एक कार्डासाठी प्रवास करतो आणि एकीच्या प्रवासातून कार्ड आलं.

आणखी एक गोष्ट गटातल्या बायकांना लगेच पटेल. बँकेतली ठेव आणि पॉइंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बँक बुडाली तरी ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. पॉइंटांना तसं काही नाही. त्यांना मुदत असते, आणि त्यात काय मिळणार हे कंपनी बदलू शकते. एअर इंडियाने २०२४ साली पॉइंट किती अंतर उडालात यावरून न देता किती पैसे खर्च केलेत यावरून द्यायला सुरुवात केली. म्हणजे स्वस्त तिकीट शोधून लांब जाणाऱ्याला पूर्वीइतके मिळत नाहीत.

आणि कंपनीच राहिली नाही तर? हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ला थांबली. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून ती इंटरमाइल्स या नावाने पुढे चालली. पण जेटच्या प्लॅटिनम दर्जाचं काय करायचं? रांगेत पुढे जायला रांगच उरली नाही. उलट विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सदस्यांचे पॉइंट नव्या घरी आले. इंडिगोने तर २००६ पासून अठरा वर्षं अशी योजना न ठेवता धंदा वाढवला, आणि २०२४ मध्ये ब्लूचिप काढली. इतकी वर्षं लोक कार्डाशिवाय तिच्या विमानांत बसतच होते. वेळ आणि भाडं पटलं, की माणूस जातो.

आपल्यासाठी तर निवड आता वाढली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली. मानपाड्याहून शीळफाट्यामार्गे तिकडे जाणं, सहारपर्यंतच्या गर्दीतून जाण्यापेक्षा अनेकदा सोपं. कार्ड एका कंपनीचं आहे म्हणून लांबचा विमानतळ आणि अडनिडी वेळ धरली, तर टॅक्सीतच पॉइंट गेले म्हणून समजा.

सगळ्यात जपायचं ते क्रेडिट कार्डाला. समजा, १०० रुपयांच्या खरेदीवर २ रुपयांचे पॉइंट मिळाले. बिल वेळेवर पूर्ण भरलं तर ठीक. थकवलं, तर कार्डावर महिन्याला शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास व्याज लागू शकतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आपल्या गटात शेकडा दोन रुपयांनी कर्ज घेताना आपण दहादा विचार करतो, आणि तिकडे ‘पॉइंट मिळतात’ म्हणून फ्रीज घेतो. एका महिन्याचं व्याज ते पॉइंट गिळून टाकतं.

आणि मोबाइलवर निरोप येतो, ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, लिंक दाबा’. दाबू नका, ओटीपी सांगू नका, कुठलं ॲप उतरवून घेऊ नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मग करावं काय? सदस्यत्व फुकट असेल तर जरूर घ्या. परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांच्या नावानेही घ्या, कारण पॉइंट साधारणपणे जो बसतो त्याला मिळतात, पैसे भरणाऱ्याला नाही. तिकीट काढतानाच तो नंबर घाला. भाडं आणि वेळ सारखी असेल तर ओळखीची कंपनी घ्या. जास्त पैसे पडत असतील तर वहीत लिहा, किती जास्त आणि कशासाठी. पॉइंट जमले की वापरून टाका, धान्याला सोंडे लागण्याची वाट बघू नका. आणि ज्याचा प्रवास ऑफिसच्या खर्चाने होतो, त्याला दर्जा आपोआप मिळाला तर आनंदाने मिरवू द्या.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, की मुलाला रागावू नका. पाठीशी दगदग असलेल्या माणसाला रांगेत कुणी “या साहेब” म्हटलं की बरं वाटतं, ते खोटं नाही. फक्त त्या “या साहेब”चे ११,००० रुपये होतात, हे त्याच्यासमोर कागदावर मांडा. तेवढेच पैसे गृहकर्जाच्या मुदलात भरले तर किती व्याज वाचेल, तेही शेजारी लिहा. मग त्याला ठरवू द्या. कमावतं पोर आहे, दोन आकडे समोर आले की त्याला कळेल.

तुमच्या घरात असा काही हिशेब अडला असेल तर पुढच्या बैठकीला वही घेऊन या. आपण मिळून मांडू.