बार सोडला की पाय लटपटतात, तेव्हा

आजचा भाग बॅले नुकताच शिकायला लागलेल्यांसाठी.

वर्गाचा पहिला भाग बारला जातो. बार म्हणजे भिंतीलगतची ती आडवी दांडी. तिथे सगळं छान जमतं. मग शिक्षक म्हणतात, "चला, सेंटरला या." तेच प्लिए, तेच तांद्यू, पण आता पाय लटपटतात. बरेच जण इथेच ठरवून टाकतात की आपल्याला बॅले जमणार नाही. थांबा! इतक्यात सोडू नका.

बघा, घडतं काय? फर्स्ट पोझिशनमध्ये वजन दोन्ही पायांवर असतं. उजवा पाय तांद्यूसाठी पुढे सरकवायचा, तर सगळं वजन डाव्यावर जायला हवं. त्यासाठी शरीर किंचित डावीकडे सरकावं लागतं. बारला हे काम हात गुपचूप करून टाकतो. सेंटरला तो हातच नसतो. म्हणजे तुमचं नृत्य बिघडलेलं नाही, आधीपासून कच्चं राहिलेलं आता दिसतंय, इतकंच.

आपल्याकडे कथक, भरतनाट्यम शिकणारे पहिल्या दिवसापासून दांडीशिवायच उभे राहतात. बॅलेत ती सवय जरा उशिरा लागते.

आता घरी दहा मिनिटं काय करायचं, ते सांगते. शेजारी खुर्ची ठेवा, पण तिला हात लावायचा नाही. ती फक्त तोल गेलाच तर. गुळगुळीत फरशीवर मोजे नकोत. अनवाणी किंवा बॅलेचे शूज.

पहिलं, तांद्यू. चार मोजत पाय पुढे, चार मोजत आत. पाय पूर्ण ताणला की बोटं जमिनीपासून जराशी उचलून बघा. पडला नाहीत, तर वजन बरोबर पायावर आहे. पडलात, तर आधी वजन हलवा, मग पाय.

दुसरं, पावलांचा कोन. टर्नआउट खुब्यातून यायला हवा. पावलं जमिनीला घट्ट धरून जबरदस्तीने बाहेर वळवली, तर पीळ गुडघ्याला पडतो. म्हणून सेंटरला कोन कमीच ठेवा. प्लिए करताना गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आला पाहिजे. गुडघा दुखला तर तिथेच थांबायचं. हा मुद्दा हलक्यात घेऊ नका, गुडघे आयुष्यभर वापरायचे आहेत!

तिसरं, नजर. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांकडून येणारी जाणीव, तिघंही लागतात. खाली पावलांकडे बघितलं की डोकं झुकतं आणि त्याच्यामागे शरीरही. समोर एक ठिकाण धरा. कधीकधी आरशाकडे पाठ करूनही करा, म्हणजे पाय काय सांगतात ते कळेल.

चौथं, हात. सेकंड पोझिशनमध्ये हात खांद्यांच्या जरा पुढे, पाठीतून धरलेले. लोंबकळणारे हात तोल घालवतात.

हे जमेपर्यंत गिरक्यांची घाई नको. आणि पुढच्या वर्गात बारलाच एक प्रयोग करा: व्यायाम चालू असताना दांडीवरचा हात क्षणभर उचला. काहीच बदललं नाही, तर समजा, तुमचं सेंटर तिथेच सुरू झालंय.

भेटू पुढच्या भागात!