‘स्टिअरिंग जरा ढिलं आहे, एवढंच’

(नाशिक येथे हितचिंतकांच्या सभेत इंजिन-दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बोलणारा माणूस नाही, पाना चालवणारा आहे. पण सेक्रेटरी साहेबांनी सांगितले की नर्मदाकाठच्या पाड्यांवर जाण्यासाठी एक वापरलेली जेट बोट देणगी म्हणून मिळते आहे, ती घ्यावी की नाही ते तुम्ही पाहून सांगा. देणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितले होते, ‘बोट चांगली आहे, स्टिअरिंग जरा ढिलं आहे, एवढंच.’ त्या ‘एवढंच’वर मला आज बोलायचे आहे.

आपल्यापैकी काही जण त्या भागात जाऊन आलेले आहेत. धुळे, शहादा मागे टाकून सातपुडा चढायचा, धडगाव गाठायचे आणि पलीकडे उतरले की समोर पाणी. सरदार सरोवराच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदाच पूर्ण, म्हणजे 138.68 मीटरपर्यंत भरले. कित्येक पाड्यांना आज बोटीचाच रस्ता आहे. त्याच वर्षी संक्रांतीला, 15 जानेवारीला, भूषा गावाजवळ बोट उलटून माणसे गेली. तिथे कारण गर्दीचे होते, स्टिअरिंगचे नव्हते. पण त्या पाण्यात काठ किती लांब असतो ते त्या दिवशी सगळ्यांना कळले. करोनाच्या वर्षी चिमलखेडीच्या अंगणवाडी कार्यकर्त्या रेलू वसावे स्वतः नाव वल्हवत पाड्यांवर जात, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. वल्ह्याला केबल नसते, हा त्याचा एक मोठा फायदा!

आता जेट बोट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्याने उथळ, दगडधोंड्यांच्या नद्यांसाठी 1950 च्या दशकात ती चालती केली. खाली पंखा नाही. बोट पोटातून पाणी ओढते आणि मागच्या नळीतून, म्हणजे नोझलमधून, जोराने फेकते. एडमंड हिलरी 1977 साली अशाच तीन बोटी घेऊन समुद्राकडून गंगेत शिरले आणि पार नंदप्रयागच्या जवळपास पोचले. नर्मदेच्या फुगवट्यात बुडालेली झाडे आहेत, खडक आहेत. पंखा अडकायची भीती नको म्हणून ही बोट तिथे सोयीची, हे खरे.

पण तिला सुकाणूचे पातेही नाही. मागचे नोझल डावी-उजवीकडे वळते आणि पाण्याचा झोत बोटीला वळवतो. झोत नसेल तर वळण नाही. खडक समोर दिसला की माणूस काय करतो? घाबरून थ्रॉटल सोडतो. थ्रॉटल सोडला की झोत गेला, आणि बोट सरळ खडकावर. म्हणजे चालवणाऱ्याला आधीच स्वभावाविरुद्ध वागायला शिकावे लागते. त्यात चाक चार बोटे फिरवले तरी नोझल हलत नसेल, तर त्याने भरवसा कशावर ठेवायचा?

चाक आणि नोझल यांच्यामध्ये एकच केबल आहे. मंडळी मला म्हणतात, ‘सायकलच्या ब्रेकसारखी ताणून घ्या ना.’ इथेच सगळी गफलत होते. ब्रेकची तार फक्त ओढते. ही केबल ओढतेही आणि ढकलतेही. आतली तार जाड, बाहेरचे आवरण दोन्ही टोकांना पक्के आवळलेले. टोकाच्या बॉल जॉइंटला आटे असतात आणि ते फिरवून लांबी कमी-जास्त करता येते, पण त्याने फक्त चाक मध्यावर असताना नोझल मध्यावर येते. खेळ जात नाही. आटे फिरवून ‘झालं काम’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला मी माझ्या बोटीला हात लावू देणार नाही.

मग खेळ आहे कुठे, ते शोधायचे. इंजिन बंद, चावी आपल्या खिशात. एकाने चाकाशी बसायचे, दुसऱ्याने मागे. चाक हळू, अगदी थोडे, डावी-उजवीकडे. मागच्याने नुसते पाहायचे नाही, बोट लावून चाचपायचे. चाकच दांड्यावर हलते का? मग नट आवळा. डॅशबोर्डमागची गिअरपेटी हलते का? तिचे बोल्ट पाहा. केबलचे अख्खे आवरणच पुढेमागे सरकते आहे का? हे फार वेळा सापडते. क्लॅम्प सैल झालेला असतो, दहा मिनिटांचे काम. केबलचा दांडा हलतो पण नोझल हलत नाही, तर बॉल जॉइंट किंवा नोझलचा बुश झिजला. तो बदला, वायसर घालून भागवू नका. आणि आवरण घट्ट आहे, चाक फिरते, तरी दांडा उशिरा हलतो, तर खेळ गिअरपेटीत किंवा केबलच्या पोटात आहे. केबल पेटीतून सोडवून चाक फिरवले की कोणाचा दोष ते कळते.

मी ही बोट पाहिली. क्लॅम्प ठीक, पेटी ठीक. मागे जिथे केबल बोटीबाहेर जाते तिथला रबरी बूट फाटलेला. तिथून पाणी आत येते, बोटीतही आणि केबलकडेही. थोडे पुढे आवरणाला चीर आहे आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ आलेला आहे. आतली तार गंजली, झिजली. वरून ग्रीस किंवा तेल सोडून उपयोग नाही. ग्रीस बाहेरच्या दांड्याला लावायचे असते, आतल्या तारेपर्यंत ते पोचत नाही. ही केबल बदलायचीच.

कमिटीला माझा निरोप असा: बोट घ्या, पण ही केबल घालून ती धडगावकडे पाठवू नका. नवी केबल, नवा बूट, नवे नायलॉक नट. जुने नायलॉक पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा उघडले की त्यांची पकड जाते. केबलची लांबी आवरणावर छापलेली असते, तीच मागवा. आखूड आली तर कोपऱ्यात मुडपते, लांब आली तर वेटोळे होते, आणि दोन्हींत चाक जड होते. शिवाय एक जादा केबल पेटीत ठेवा. देणगीदारांना सांगताना बोटीचा फोटो छान दिसतो, केबलचा दिसत नाही, ते मला समजते. तरीही दोन केबलचे पैसे आजच बाजूला काढा.

दुसरी गोष्ट. केबल बदलायला दर वेळी नाशिकहून माणूस जाणार असेल तर बोट वर्षातले अर्धे दिवस काठालाच राहील. पाड्यावरची दोन मुले इकडे पाठवा. आपल्या शरणपूरला दास्यातून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना सुतारकी-लोहारकी शिकवीत, आणि त्यांतली काही मुले 1866 साली लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली. आपल्या गावाला हे नवे नाही. ही जुनी केबल मी त्या मुलांच्याच हातून काढवून घेईन आणि नवीही त्यांच्याच हातून बसवीन. मी शेजारी उभा राहीन.

बसवल्यावर आधी जमिनीवर चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून मोजायचे. बरोबर निम्म्यावर नोझल सरळ हवे. मग पाण्यात, काठाला लांब दोर बांधून, लाइफ जॅकेट घालून, बोटीत फक्त चालवणारा. गोल फेरे डावीकडे, तितकेच उजवीकडे. परत आल्यावर मागचा प्रत्येक नट पुन्हा हाताने तपासायचा. त्यानंतर औषधांची खोकी चढवा आणि नर्सबाईंना बसवा.

मुलांची नावे मला पुढच्या रविवारपर्यंत कळवा. केबल यायला थोडे दिवस लागतील, तोवर त्यांना पाना धरायला शिकवतो.