चिमूटभर रंजक

धंतोलीच्या उत्तरेस, पायीं चालत जाण्याच्या अंतरावर, सीताबर्डीची टेकडी आहे. सन १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ तारखेस संध्याकाळीं तेथें गोळीबार सुरू झाला, तो मध्यें थोडी उसंत घेऊन दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत चालला. एका बाजूस आप्पासाहेब भोसल्यांचें सुमारें अठरा हजारांचें सैन्य व त्यांत तीन-चार हजार अरब. दुसऱ्या बाजूस रेसिडेंट जेंकिन्स याच्या रक्षणासाठीं कर्नल स्कॉट याच्या हाताखालीं जमलेलीं तेराशें-चौदाशें माणसें. या लढाईचें राजकारण नागपुरांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतें. आजच्या भाषणाचा विषय मात्र त्या रणांगणावरील एक अगदीं लहान वस्तु आहे. ती म्हणजे बंदुकीच्या कानाशीं घालावयाची चिमूटभर दारू, अर्थात् रंजक.

'रंजक' म्हटलें कीं आजच्या वाचकाला कादंबरी किंवा नाटक आठवतें. परंतु मोल्सवर्थच्या कोशांत या शब्दाचा दुसराही अर्थ नोंदलेला आहे, आणि एके काळीं महाराष्ट्रांत तोच अधिक लोकांच्या जिवाशीं गांठ घालणारा होता. बंदुकीच्या नळीच्या बाजूस एक लहानशी वाटी असे. तिला प्याला म्हणत. प्याल्याच्या तळाजवळून नळींत जाणारें बारीक छिद्र तो बंदुकीचा कान. प्याल्यांतील रंजक पेटली कीं तिची ज्वाळा कानांतून आंत शिरे, मुख्य दारू भडके आणि गोळी सुटे. रंजक पेटून आंतील दारू न पेटली तर डोळ्यांपुढें लखकन् उजेड आणि धूर, यापलीकडे कांहीं नाहीं. रंजकच न पेटली तर तेवढेंही नाहीं.

सीताबर्डीस दोन तऱ्हांच्या बंदुका समोरासमोर होत्या. अरबांची ख्याति होती ती लांब नळीच्या तोड्याच्या बंदुकांविषयीं. तोडा म्हणजे सोरा मुरविलेली, धुमसती ठेवलेली दोरी. चाप ओढला कीं तिचें जळतें टोंक थेट रंजकेंत येऊन पडे. जळता निखारा दारूला भिडला म्हणजे दारू थोडी जाड असली किंवा किंचित् सर्द असली तरी बहुधा पेट घेते. कंपनीच्या शिपायाजवळ 'इंडिया पॅटर्न' नांवाची चकमकीची बंदूक असे. हिच्या घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा धरलेला असतो. तो पोलादी पट्टीवर आपटला कीं पट्टी मागें उलटते, प्याला उघडा पडतो आणि ठिणग्या आंत पडतात. या ठिणग्या म्हणजे गारेनें खरवडलेले पोलादाचे जळते कण. ते लहान आणि अल्पायुषी. रंजकेवर पडले, पेटली तर पेटली, नाहींतर विझून गेले. चकमकीच्या बंदुकीला रंजकेची निवड जपून करावी लागे ती यामुळें.

निवडीचा पहिला प्रश्न दाण्याचा. दारू जितकी बारीक तितकी ती लौकर पेटते, हें खरें आहे. पण त्याला मर्यादा आहे. दाणेदार दारूच्या ढिगांत दाण्यादाण्यांमध्यें मोकळी जागा राहते आणि ज्वाळा त्या वाटेनें एका क्षणांत सर्वत्र पोंचते. दाणा मोठा असेल तर त्याच्या आकाराच्या मानानें ठिणगीला मिळणारा पृष्ठभाग थोडा, म्हणून पेटण्यास विलंब. उलटपक्षीं दारूचें पार पीठ केलें तर ती दाबून बसते, हवेंतील ओलावा लौकर घेते आणि तिच्या गुठळ्या होतात. कोरड्या हिवाळ्याच्या दुपारीं पिठासारखी रंजक उत्तम चालेल. श्रावणांतल्या झडींत तीच दगा देईल. अनुभवी माणूस बारीक पण दाणेदार रंजक पसंत करी. परदेशांत आजही हौसेनें चकमकीच्या बंदुका उडविणारे नेमबाज चार 'एफ'च्या खुणेची दारू रंजकेला वापरतात. तिचा दाणा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो, पण तो दाणाच असतो. दाण्यांना ग्रॅफाइटची झिलई दिली तर दारू ओलाव्यापासून बचावते, मात्र ठिणगीला किंचित् अधिक वेळ दाद देत नाहीं. नळींतील दारूला हें चालतें. रंजकेला बिनझिलईची बरी.

दुसरा प्रश्न सोऱ्याचा. बंदुकीच्या दारूंत सुमारें तीन चतुर्थांश भाग त्याचाच. शुद्ध सोरा हवेंतील पाणी फारसें ओढीत नाहीं. ओढतात ते त्यांत राहून गेलेले मिठासारखे क्षार. म्हणून रंजकेची दारू घेतांना तिचा सोरा नीट शुद्ध झाला आहे कीं नाहीं, याला दाण्याहूनही अधिक महत्त्व असे. कोळशाविषयीं एक गोष्ट वऱ्हाड-नागपूरकडील श्रोत्यांना गमतीची वाटेल. इंग्लंडांतील कारखाने विलो आणि आल्डर या झाडांचा हलका कोळसा वापरीत. बंगालमधील ईशापूरच्या दारूच्या कारखान्यांत तुरीच्या काड्यांचा कोळसा वापरला जाई. विदर्भांतील घराघरांत ज्या तुराट्या चुलींत जातात, त्याच जातीच्या.

उत्तम रंजक निवडूनही काम संपत नसे. दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपानें मागें राहतो, आणि ही राख मोठी पाणी-पिती. दहा-बारा बार झाले कीं प्याल्यांत काळा चिखल जमूं लागे, कानांत मळ बसे. प्याला पुसावा, कान तारेनें मोकळा करावा, वीस-तीस बारांनंतर बोथट झालेली गार बदलावी. एवढें केलें तरच चांगल्या रंजकेचा उपयोग. ती प्याल्यांत घालावयाची तीही बेताची. कान रंजकेनें बुजला तर ज्वाळेला सरळ आंत उडी घेतां येत नाहीं. वातीसारखें जळत जळत आंत जावें लागतें. तितक्या वेळांत नेम हलतो. म्हणून रंजक कानापासून दूर सारून ठेवावी, असें जुने लोक सांगत. अलीकडे अतिवेगवान छायाचित्रणानें केलेले प्रयोग थोडें निराळें सांगतात: रंजक कानाच्या अगदीं जवळ असावी, मात्र तिनें कान झांकूं नये.

मग कंपनीच्या शिपायाला अशी निवडक रंजक दिली जात असे काय? नाहीं. तो कागदी काडतूस दांतानें फाडी, त्यांतील थोडी दारू प्याल्यांत टाकी, उरलेली नळींत ओतून गजानें ठांसी. म्हणजे नळींतली जाड दारू तीच रंजक. वेगळी रंजकदाणी बाळगीत ते शिकारी, रायफलवाले आणि तोड्याच्या बंदुकीचे बरकंदाज. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत मोगल काळच्या हस्तिदंती रंजकदाण्या आहेत. त्यांवरील कोरलेलीं हरणें पाहून लोक हरखतात. पण रंजकदाणीचा खरा गुण तिच्या घट्ट मिटणाऱ्या झांकणांत असे.

पलटणीनें पत्करलेला हा सौदा मूर्खपणाचा नव्हता. एकच दारू, एकच काडतूस, आणि मिनिटाला दोन-तीन बार. शंभरांच्या रांगेंत पंधरा बार फुसके गेले तरी पंच्याऐंशी सुटतात. पण मचाणाखालीं वाघ आलेल्या एकट्या शिकाऱ्याला हा हिशेब सांगून काय उपयोग? त्याला शंभरांतला तो एकच बार हवा असतो. आणि सीताबर्डीसारख्या ठिकाणीं, जेथें दहापट शत्रु चढून येत आहे, तेथें पलटणीलाही तो हिशेब महाग पडूं लागतो. हजार बंदुकांतील दीडशें मुक्या झाल्या तर तेवढीं माणसें त्या क्षणापुरतीं संगिनीवर आलीं. तें रण कोरड्या ऋतूंत झालें, हें टेकडीवरील शिपायांचें भाग्यच समजलें पाहिजे. तरीही २७ तारखेच्या सकाळीं लहान टेकडी अरबांनीं घेतलीच. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनीं चढाई करून रंग पालटला, आणि पुढें अरबांच्या बाजूस दारूचा स्फोट झालेला पाहतांच खालच्या-वरच्या हुद्द्याचा विचार न करतां पलटणीनें धांव घेऊन ती टेकडी परत घेतली. धुमसते तोडे आणि दारूच्या गाड्या हे कधींच चांगले शेजारी नव्हते. कंपनीकडील सुमारें साडेतीनशें माणसें ठार वा जखमी झालीं.

रंजकेच्या या लहरीपणावर तोडगा मात्र लढाईच्या दहा वर्षें आधींच निघाला होता. बेल्हेल्वी येथील पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यानें १८०७ मध्यें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचें पेटंट घेतलें. त्याला लढाईची नव्हे, पक्ष्यांच्या शिकारीची चिंता होती. रंजकेची चमक दिसतांच पक्षी उडून जात. इंग्रज सरकारनें १८३४ मध्यें वुलिच येथें कसोटी घेतली. सहा हजार बारांत चकमकीच्या बंदुका ९२२ वेळां फसल्या; आघाताची टोपी लावलेल्या केवळ ३६ वेळां. पुढल्या दहा-बारा वर्षांत तांब्याची टोपी पलटणींतून पसरली, आणि रंजकदाण्या घरोघरच्या खुंट्यांवरून हळूहळू खालीं उतरल्या.