रात्रीचा कपडा मापाचाच घ्या

लहान मुलांचे रात्रीचे कपडे आणि विस्तव, या विषयावर बोला, असं आकाशवाणीनं सांगितलं. मी मानोऱ्यात शिवणकाम शिकवते, म्हणून बोलणार ते कापडाच्या बाजूनं.

आपल्या भागात कापूस घरचा. सुती कपडा अंगाला बरा, पण तो चटकन पेटतो. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोकर त्या मानानं उशिरा पेटते. आता थंडीतलं फलालीन घ्या. त्यावरून हात फिरवा, लव लागेल. त्या लवेत हवा भरलेली असते. शेकोटीची ठिणगी पडली, की वाळल्या गवतातून वणवा पळावा तशी ज्वाळा त्या लवेवरून पळते.

पण कापडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे माप. सैल झग्याच्या आतून-बाहेरून हवा खेळते आणि आग भडकते. शिवाय घेर लांब असतो. मूल चुलीशी वाकलं, देवघरातल्या दिव्यापाशी गेलं, तर आधी घेर पोचतो. अंगालगत बसणाऱ्या कपड्याला आतून हवा मिळत नाही, आणि तो विस्तवाकडे लोंबतही नाही.

अमेरिकेनं 1972 पासून मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीची कसोटी लावली. ती पार करायला कापडात ट्रिस नावाचं रसायन घालू लागले. त्यानं कर्करोगाचा धोका आहे असं दिसल्यावर 1977 मध्ये तसे कपडे विकायला बंदी आली. पुढे 1996 मध्ये नियम बदलला: अंगालगत बसणारे कपडे आणि नऊ महिन्यांपर्यंतच्या बाळांचे कपडे यांना त्या खास कसोटीतून सूट मिळाली. म्हणजे पुन्हा मापच! वर्गात मी हे इतकं सांगते, की मुली माझ्याआधी म्हणतात.

आणि आपण काय करतो? "वाढत्या अंगाचं आहे, दोन वर्षं पुरेल," म्हणून दोन मापं मोठा झगा घेतो. पोहरादेवीच्या यात्रेतून झालरीचा फ्रॉक आणतो आणि लेकरू त्यातच झोपतं. बायांनो, आणि बाप्यांनो तुम्हीसुद्धा, वाढीव माप शाळेच्या गणवेशाला ठेवा, खाली दुमड घालून ठेवा. रात्रीचा कपडा मात्र मापाचाच, बाह्या मनगटाशी आवळलेल्या.

विकलेला माल परत मागवतात, तेही सांगायचं होतं. 1994 मध्ये आपल्याच देशातून गेलेले रेयॉनचे झिरझिरीत घागरे अमेरिकेनं बाजारातून परत मागवले. ते वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा वेगानं जळत होते. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, त्याला धोकादायक माल परत मागवण्याचा अधिकार आहे. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक. म्हणून पावती मागा. लेबल कापून टाकू नका.

वेळ संपत आली, खूण झाली. कपडा पेटला तर मुलानं पळायचं नाही, आडवं व्हायचं, लोळायचं. उभ्या माणसाच्या ज्वाळा तोंडाकडे चढतात. जवळ घोंगडी असेल तर ती टाकून दाबा. मग भाजल्या जागी वीस मिनिटं गार, वाहतं पाणी. चिकटलेला कपडा ओढू नका. हळद नको, शाई नको, टूथपेस्ट नको. 108 ला फोन करा.