पट्टी नसलेली गाठ



परभणी भागात, मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये हंगामात कापसाच्या गाठी बांधल्या जातात. १७० किलो रुई दाबून एक गाठ होते. पट्ट्या तोडल्या की ती फुगते. मला आज पट्टी न लागणाऱ्या गाठीबद्दल बोलायचं आहे. ही गाठ म्हणजे शेप मेमरी, म्हणजे मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या पॉलिमरचा फोम; पॉलियुरेथेनचा जाळीदार स्पंज. तो गरम करून दाबतात आणि दाबलेलाच थंड करतात. रेणूंच्या साखळ्या थिजतात, दाब काढला तरी तो तसाच राहतो. बारीक नळीतून रक्तवाहिनीत नेला की तिथे मूळ आकार घेतो, त्याच्या छिद्रांत रक्त गोठतं आणि नको असलेला प्रवाह थांबतो. अमेरिकेत संशोधक डंकन मेटलंड यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं; अशा फोमच्या उपकरणाला तिथे २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

यातली खरी हुशारी मला उष्णतेत दिसत नाही, पाण्यात दिसते. नुसत्या ३७ अंशांवर उघडणारा फोम परभणीच्या मे महिन्यात खोक्यातच उघडला असता! म्हणून कोरडा असताना तो त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला मऊ होईल असा बनवतात. रक्तातलं पाणी साखळ्यांत शिरलं की हे तापमान शरीराच्या उबेखाली उतरतं. त्याला थोडा वेळ लागतो, तेवढीच मिनिटं डॉक्टरांच्या हाती. ओलाव्याने मऊ पडणं हा एरवी पॉलिमरचा दोष. इथे तीच किल्ली झाली.

याच कामासाठी धातूच्या तारेची वेटोळी असताना फोम कशाला, असं कुणी विचारेल. रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यात वेटोळी भरली तरी बरीचशी जागा मोकळीच राहते, फोम ती व्यापतो. मात्र तो क्ष-किरणांत नीट दिसत नाही, त्यासाठी धातूची खूण जोडावीच लागते. महाग आहे, हा आक्षेपही खरा. पण ओलाव्याने फुगण्याचं तत्त्व स्वस्त पदार्थांतही आहे. गोळीच्या जखमेत भरायचे, दाबलेल्या सेल्युलोजचे छोटे स्पंज अमेरिकेत २०१४ मध्येच मान्य झाले. त्यांचा कच्चा माल लाकडाचा लगदा. आपला कापूस म्हणजे बहुतांश सेल्युलोजच. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रसायनशास्त्राच्या मुलांनो, या दोन्ही दारांवर जाऊन विचारा: आपल्या रुईचा असा स्पंज करून पाहायला काय काय लागेल?