नव्या जागेंतील गाणें

नवी जागा ताब्यांत येते, किल्ल्या हातीं पडतात, आणि सामान येऊन पडण्यापूर्वीं घरची मंडळी एकदां सर्व खोल्यांतून फिरून येतात. मुलें ओरडून पाहतात. कोणी टाळी वाजवतो. टाळीचा आवाज भिंतींवरून थरथरत परत येतो, आणि खोली किती मोठी वाटते म्हणून सर्वांना आनंद होतो. या आनंदांत पुढच्या एका तक्रारीचें बीज आहे, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. महिन्याभरानें त्याच खोलींत गाण्याचें यंत्र लागतें, आणि जुन्या घरांत जें गाणें स्वच्छ व गोड वाटत होतें, तेंच येथें गढूळ होऊन येतें. दोष बहुधा यंत्राला दिला जातो. दुकानदारही तो मोठ्या आनंदानें मान्य करतो. त्याच्यापाशीं त्याहून मोठें व महाग यंत्र तयारच असतें.

वस्तुतः घरांत गाणें चालू असतांना दोन यंत्रें वाजत असतात. एक विकत आणलेलें, आणि दुसरें म्हणजे ती खोली. पहिल्याची चौकशी चार दुकानें फिरून होते. दुसऱ्याची कोणीच करीत नाहीं.

मुंबईंत गिरगांवच्या एखाद्या जुन्या चाळींत साठ वर्षें काढलेलें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. घरांतील आजोबा शाळेंतून निवृत्त झालेले; सारी चाळ त्यांना मास्तर म्हणे. खोली दहा-बारा फुटांची, पण जमीन लांकडी फळ्यांची, वर तुळया आणि फळ्याच, शेजारच्या खोलीकडची पडदी पातळ, आणि दार गॅलरीकडे सदा उघडें. आंत ट्रंका, गाद्यांची वळकटी, दोरीवरचे कपडे आणि माणसें. अशा खोलींत शिरलेल्या ध्वनीला परत फिरावयास वावच नसे. त्याचा उंच भाग गाद्यांनीं व कपड्यांनीं गिळावा, खर्जाचा भाग लांकडी फळ्यांनीं स्वतः थरारून खाऊन टाकावा, आणि जो उरेल त्यानें उघड्या दारांतून गॅलरींत निघून जावें. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें चाळींतून रेडिओ एकाच्या घरीं आणि ऐकणारे दहा घरचे, अशी रीत होती. ऐकण्याची ती सोय उत्तम होती. कोणी ती मुद्दाम योजिली मात्र नव्हती.

पुढें चाळ पाडली जाते, त्याच जागीं उंच इमारत उठते, आणि हें कुटुंब अठराव्या मजल्यावरच्या ब्लॉकांत राहावयास येतें. दिवाणखाना सोळा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. भिंतींना सिमेंटचा गिलावा व गुळगुळीत रंग, खालीं चकचकीत फरशी, एका अंगाला सरकत्या कांचांची खिडकी. जुन्या गाद्या नव्या जागेला शोभत नाहींत म्हणून वांटून टाकलेल्या. मुलगा वडिलांसाठीं हौसेनें अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि खर्जासाठीं एक निराळी तिसरी पेटी घेऊन येतो. येण्याजाण्याच्या वाटेंत अडचण नको, म्हणून सर्व पेट्या कोपऱ्यांत भिंतीला टेकवून ठेवल्या जातात. मास्तर आपला आवडता ख्याल लावतात. बोल कळत नाहींत. एक स्वर दुसऱ्यावर चढून बसतो, आणि डग्ग्याची घुमक सगळी खोली भरून टाकते. आवाज वाढवावा तर गोंधळही वाढतो. चार दिवसांनीं मास्तर ऐकणें सोडून देतात. कोणी विचारल्यास “कान गेले आतां,” इतकेंच म्हणतात, आणि आपल्या तबकड्या कोणास द्याव्या याचा विचार करूं लागतात.

वयाबरोबर कान बोथटतात हें खोटें नाहीं. प्रथम उंच आवाज कमी ऐकूं येऊं लागतात. स, त, क अशा व्यंजनांची धार जाते व शब्द ओळखण्यास श्रम पडतात. परंतु घुमणारी खोलीही जवळजवळ हेंच करते. मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर टाकून ती त्याची धार झांकते, आणि वृद्धाच्या कानाला हा घुमारा तरुणाच्या कानाहून अधिक बाधतो. कानांची तपासणी तज्ज्ञाकडून अवश्य करून घ्यावी. पण खोलीची तपासणी त्याआधीं एका संध्याकाळीं घरच्या घरीं होते आणि तिला पैसा पडत नाहीं. एखाद्या वृद्धाचें उरलेलें गाणें केवळ फरशीपायीं बंद व्हावें, ही कांहीं लहान हानि नव्हे.

या विषयाचें शास्त्र एका फसलेल्या व्याख्यानगृहांतून जन्मास आलें. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें फॉग कलासंग्रहालय नवेंच उघडलें होतें, आणि त्यांतील व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणास समजेना. उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तेवढ्यांत वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई. पदार्थविज्ञानाचा एक तरुण अध्यापक वॉलेस सॅबाइन याच्याकडे हें काम सोंपविण्यांत आलें. त्यानें जवळच्या सँडर्स थिएटरांतील आसनांवरच्या गाद्या आणविल्या, आणि रात्रीच्या शांततेंत ऑर्गनची नळी वाजवून बंद करावी व आवाज ऐकूं येणें केव्हां थांबतें तें मोजावें, असा क्रम चालविला. गाद्या जसजशा वाढत गेल्या, तसतसा घुमारा आंखडत गेला. त्यावरून त्यानें नियम बसविला कीं, घुमाऱ्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि तिच्यांतील शोषणाबरोबर घटतो. शोषणाचें माप म्हणून त्यानें घेतली ती उघडी खिडकी. तिच्यांतून बाहेर गेलेला ध्वनि परत येत नाहीं. तेव्हां एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक अंश. १९०० सालीं उघडलेलें बोस्टन शहरांतील सिंफनी हॉल याच सॅबाइनच्या सल्ल्यानें बांधलेलें आहे.

मास्तरांच्या दिवाणखान्याला हा नियम लावून पाहावा. घनफळ १,५२० घनफूट, आणि सहाही बाजूंचें क्षेत्रफळ ८१४ चौरस फूट. गिलावा, फरशी व बंद कांच हीं मिळून सरासरीनें शंभरांतील पांच भाग ध्वनि शोषतात असें धरलें, तर सगळी रिकामी खोली केवळ ४१ चौरस फूट उघड्या खिडकीचें काम करते, आणि घुमारा पावणेदोन सेकंदांच्या वर जातो. ख्यालाच्या बोलांना व तबल्याच्या अक्षरांना अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा घुमारा पुरे. त्यासाठीं शोषण दीडशें चौरस फुटांपर्यंत चढवावें लागतें. चार फूट रुंद व पांच फूट उंच खिडकी उघडली कीं वीस फूट हातीं आले. पण मुंबईंत खिडकी उघडली म्हणजे गाणें बाहेर जातें आणि मोटारींचे भोंगे आंत येतात, म्हणून तो उपाय पहांटेपुरताच. बाकीचें काम, ज्या वस्तु हौसेनें वांटून टाकल्या, त्यांनींच व्हावयाचें. कापसाची जाड गादी, लोड, तक्के, सतरंजी, भिंतीपासून चार बोटें सोडून चुण्या घालून टांगलेला जाड पडदा, पुस्तकांनीं भरलेलें बिनदारांचें कपाट. स्वतः ऐकणारा माणूसही चार-पांच चौरस फूट उघड्या खिडकीइतका ध्वनि शोषतो, आणि म्हणूनच रिकाम्या दालनांत घुमणारें गाणें मंडळी भरल्यावर ठिकाणावर येतें. अंड्यांचे पुठ्ठे भिंतींना चिकटविण्याची एक वेडगळ चाल कोठें कोठें दिसते. त्यांनीं खर्जाला धक्काही लागत नाहीं. आगीची भीति मात्र वाढते.

गाद्यापडद्यांनीं बोल मोकळे होतात, पण डग्ग्याची घुमक राहतेच, कारण तिचें मूळ निराळें आहे. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या स्वराची अर्धी लाट नेमकी बसते, तो त्या खोलीचा स्वतःचा स्वर होतो. तो वाजला कीं सारी खोली तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी साथ देऊं लागते. सोळा फूट लांबीचा असा स्वर सेकंदाला ३५ कंपनांचा, दहा फूट रुंदीचा ५६ कंपनांचा, आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९ कंपनांचा. शेवटचे दोन इतके लगत आले आहेत कीं त्यांची एकच गांठ बनते. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी ठेवणाऱ्याच्या मनांत बांधकामाचा खर्च असतो, गाणें नसतें. काळी एक या पट्टींत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा असतो, आणि डग्ग्याची घुमकही याच टापूच्या आसपास वावरते. त्यांतून पेट्या ठेवल्या कोपऱ्यांत, जेथें लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांचे स्वर सर्वांत जोरानें चेततात!

तेव्हां पहिलें काम म्हणजे पेट्या कोपऱ्यांतून बाहेर काढणें. दहा फुटांच्या आंखूड भिंतीपुढें दोन स्पीकर सहा फुटांच्या अंतरानें ठेवावे; म्हणजे दोन्ही बाजूंस दोन-दोन फूट जागा राहते. मागच्या भिंतीपासूनही दीड-दोन फूट सोडावे. ऐकणाऱ्याची बैठक दोन्ही स्पीकरांपासून सारख्याच सहा-सात फुटांवर असावी. अॅलन ब्लूमलाइन यानें १९३१ सालीं इंग्लंडांत दोन वाटांनीं ध्वनि पोंचविण्याच्या पद्धतीचा हक्क नोंदविला. तिचें सारें मर्म या सारख्या अंतरांत आहे. तें साधलें कीं गवई दोन पेट्यांच्या मधोमध, जेथें कांहींच नाहीं तेथें, बसलेला भासतो. बैठक मागच्या भिंतीला चिकटवूं नये. भिंतीलगत खर्जाच्या लाटा सर्वांत फुगलेल्या असतात. स्पीकरची उंची हा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. दुकानांतील घोड्या खुर्चीवर बसणाराच्या कानाच्या मापानें केलेल्या असतात. गादीवर मांडी घालून बसणाराचा कान त्याहून फूटभर खालीं येतो, आणि मग गाणें डोक्यावरून जातें. घोडी तेवढी आंखूड करावी, किंवा पेटी किंचित् पुढें कलती ठेवावी. बाजूच्या भिंतींवर पडदा कोठें लावावा हें आरशानें कळतें. एकानें बैठकीवर बसावें व दुसऱ्यानें भिंतीलगत आरसा सरकवीत न्यावा. आरशांत जेथें स्पीकर दिसेल, तेथून त्याचा पहिला पडसाद कानावर येतो. पडदा तेथेंच हवा. खर्जाच्या तिसऱ्या पेटीला जागा शोधण्याची युक्ति हंसण्यासारखी वाटली तरी खरी आहे. पेटी बैठकीच्या जागीं ठेवून वाजवावी आणि मुलानें भिंतीकडेनें रांगत फिरावें. जेथें खर्ज सारखा व सुटसुटीत ऐकूं येईल, तेथें ती पेटी न्यावी.

या सर्वांची परीक्षा घेण्यास तंबोऱ्यासारखें दुसरें साधन नाहीं. सी. व्ही. रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें कीं, तंबोऱ्याच्या रुंद व किंचित् वक्र घोडीमुळें आणि जव्हारीच्या दोऱ्यामुळें जे उपस्वर तारेच्या नेहमींच्या नियमाप्रमाणें दबावयास हवेत, तेही स्पष्ट वाजतात. ही उपस्वरांची चढती शिडी पायरीपायरीनें ऐकूं आली, तर खोली ठीक लागली असें समजावें. शिडीच्या जागीं नुसता गुंजारव उरला, तर अजून गादी हवी.

आपल्या खोलींत गाणें लागलें म्हणजे प्रश्न संपला, असें चाळींत म्हणतां आलें असतें. तेथें शेजारीही तेंच गाणें ऐकत असत. नव्या इमारतींत दोन घरांच्या मध्यें साडेचार इंची भिंत असते, आणि ती नऊ इंची केली तरी ध्वनि अडविण्याची तिची शक्ति पांच-सहा डेसिबलनेंच वाढते. उलट स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं तीच शक्ति सुमारें तितकीच घटते. याचा अर्थ असा कीं भिंतींतून आलाप अडकून पडतो आणि डग्गा पलीकडे जातो. जमिनीवर ठेवलेली पेटी तर हवेला वगळून थेट काँक्रीटलाच हलविते. जाड रबराच्या चकत्या खालीं घातल्यास हा दुसरा मार्ग बराचसा बंद होतो. सामाईक भिंतीवर स्पीकर टांगणें मात्र सर्वस्वीं टाळावें. आवाज हळू ठेवावा म्हटलें तर कानाचा स्वभाव आड येतो. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळलें कीं, आवाज लहान केला म्हणजे कानाला खर्ज इतर स्वरांहून अधिक कमी ऐकूं येतो. म्हणून ऐकणारा हळू आवाजांतही खर्जाचें बटण वाढवितो, आणि शेजाऱ्याच्या वांट्याला पुन्हां तेंच येतें.

भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. खाजगी जागेंतील वाद्याचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षां अधिक वर जातां कामा नये. मास्तर हा नियम पाळतात, रात्रीं नवानंतर यंत्राला हातही लावीत नाहींत, आणि तरीही सतराव्या मजल्यावरच्या बाई एके दिवशीं लिफ्टमध्यें संकोचानें म्हणतात, “मास्तर, गाण्याचें कांहीं नाहीं हो, पण गाणें तुमच्याकडेच राहतें, आणि आमच्याकडे नुसतें धब्-धब् येतें.” बाई रुग्णालयांत परिचारिका आहेत. रात्रपाळी असली कीं त्यांची झोप सकाळीं दहाला सुरू होते, आणि नेमका तोच मास्तरांचा ऐकण्याचा वेळ.

“आपण निजतां त्या खोलींत मला एकदां पांच मिनिटें बसूं द्याल का?” मास्तर विचारतात. ते खालीं जाऊन पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसतात. मुलगा वर यंत्र लावतो, आणि टेलिफोनवरून सांगण्यांत येईल तसतसा आधीं खर्ज व मग एकंदर आवाज कमी करीत येतो. खालीं धब्-धब् ऐकूं येईनासें झालें कीं बटणावर पेन्सिलीनें बारीक खूण करावयाची. खूण पक्की करून उपयोग नाहीं. बाईंची पाळी दर आठवड्याला बदलते. दिवसपाळीच्या आठवड्यांत मास्तरांना डग्गा थोडा वर घेतां येतो.