आग्वादचा दुर्ग आणि आपले दैवत
(अफझलगंज, हैदराबाद येथील महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मुसीच्या काठी बसून मांडवीच्या मुखावरील दुर्गाची कथा सांगणे काहीसे विसंगत वाटेल. परंतु ज्या डचांच्या धास्तीने आग्वादचा किल्ला बांधला गेला, त्यांची वखार त्याच सुमारास गोवळकोंड्याच्या राज्यात, मच्छलीपट्टण बंदरात, उघडली होती. या कथेचा एक धागा असा आपल्या भूमीशीही जुळलेला आहे.

पोर्तुगीजांनी हा दुर्ग १६१२ मध्ये पूर्ण केला. त्यांच्या भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी. दूरच्या सफरीवरील जहाजे येथील झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. त्यावरूनच हे नाव पडले. तटावर ७९ तोफा होत्या आणि माथ्यावरील भूमिगत टाक्यात २३,७६,००० गॅलन पाणी मावे, असे सांगतात. १६३६ ते १६४४ या काळात डचांनी वर्षानुवर्षे गोव्याची नाकेबंदी केली. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने बारदेशात मुसंडी मारली. तरीही आग्वाद पडला नाही.

हा दुर्ग उभा राहण्यापूर्वी सुमारे अर्धशतक, याच सत्तेच्या धर्मच्छळामुळे आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा श्रीमंगेश आणि केळोशीची श्रीशांतादुर्गा झुवारीपलीकडे अंत्रुज महालात नेली. त्यांच्यापाशी ना तट होता, ना तोफ.

पुढे शत्रूसाठी बांधलेल्या या भिंती आपल्याच माणसांवर फिरल्या. सालाझारच्या राजवटीत आग्वाद हा तुरुंग झाला. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना येथे डांबण्यात आले. कुन्हांना नंतर पोर्तुगालातील पेनिश येथे, समुद्रकाठच्याच दुसऱ्या किल्ल्यात, धाडले गेले. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी ती सत्ता गेली. अभेद्य तटही तिला तारू शकला नाही. येथील तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला हलला आणि २०२१ मध्ये त्या जागी संग्रहालय उघडले.

महाजनहो, दुर्ग टिकला, पण ज्यांचा होता ते गेले. दैवताला दुर्ग नव्हता. तरी ते राहिले, कारण घराघराने पिढ्यान्‌पिढ्या आपली सेवा चुकविली नाही. मात्र आपले मूळ गाव झुवारीच्या एका तीरावर आणि देव दुसऱ्या तीरावर, असे का, हा प्रश्न आपली मुले आता विचारीत नाहीत. मला चिंता वाटते ती त्याची. पुढील जत्रेला जाल तेव्हा त्यांना आग्वादच्या कोठड्याही दाखवा. समुद्राचे दृश्य ती स्वतःच पाहतील. बाकीचे आपणच सांगावयाचे आहे.